शेक संपले, आता पुढचं: तोंडाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर घरी काय काय करायचं

आरशासमोर उभं राहा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशी तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून बघा. तिन्ही गेली तर तोंड ठीक उघडतंय. दोनच गेली तर व्यायाम आजपासून वाढवायचा. एकच जात असेल तर आधी फिजिओथेरपिस्टची किंवा शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांची वेळ घ्या, उरलेला लेख नंतर वाचा.

खर्रा (सुपारी आणि तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) आणि तोंडाचा कर्करोग यांचं नातं नागपुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शस्त्रक्रिया होते, सहा-सात आठवडे शेक, म्हणजे रेडिएशनचे किरणोपचार, होतात, काहींना सोबत केमो मिळते आणि शेवटच्या शेकाला घरचे पेढे वाटतात. पेढे वाटावेतच. पण पुढची गफलत इथूनच सुरू होते. शेकामुळे तोंडात आलेले फोड महिना-दीड महिन्यात भरतात, चव थोडी थोडी परत येते, आणि आता सगळंच आपोआप ठीक होणार असं वाटायला लागतं. काही त्रास मात्र त्यानंतर सुरू होतात. जबडा आखडतो, दात हिरडीलगत किडतात, थायरॉइड मंदावतो, गिळायचे स्नायू ताठर होतात. हे सगळं हळूहळू आणि बरेचदा न दुखता येतं, आणि एकदा आलं की पूर्ण मागे फिरत नाही. म्हणून पहिल्या वर्षात रोज केलेल्या वीस मिनिटांच्या कामाची भरपाई तिसऱ्या वर्षी दोन तास करूनही होत नाही.

आधी कागद

उपचार संपताना मिळालेल्या कागदांत तीन गोष्टी आहेत का ते बघा. एक, शस्त्रक्रियेचा तपशील: कोणतं हाड काढलं, प्लेट बसवली का, मानेच्या गाठी काढल्या का. दोन, गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट. तीन, शेकाचा गोषवारा: एकूण किती ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक), किती दिवसांत आणि कोणत्या भागावर. शस्त्रक्रियेनंतर शेक दिले असतील तर साधारण ६० ग्रे, ३० वेळा, असं काहीतरी लिहिलेलं असतं. नुसत्या शेकावर उपचार झाला असेल तर आकडा ६६ ते ७० पर्यंत जातो. हा तिसरा कागद बहुतेकांकडे नसतो, आणि पाच वर्षांनी दात दुखायला लागला की दंतवैद्य नेमका तोच मागतात. मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, तुकडोजी चौकातलं कर्करोग रुग्णालय असो, जामठ्याची कर्करोग संस्था असो की मिहानमधलं एम्स, शेक जिथे घेतले त्या विभागात जाऊन तो लेखी मागून घ्या. केमोत सिस्प्लॅटिन हे औषध दिलं असेल तर तेही लिहून घ्या. सगळ्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा.

जबडा: रोज पाच वेळा

समोरच्या दातांमधलं अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी झालं की त्याला जबडा आखडणं म्हणतात. निरोगी माणसाचं तोंड ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. शेकामुळे चावण्याच्या स्नायूंत चिवट धागे तयार होतात आणि स्नायू दोरीसारखा ताठ होत जातो. ज्यांनी वर्षानुवर्षं सुपारी किंवा खर्रा चघळला, त्यांच्या गालाची आतली त्वचा आधीच चामड्यासारखी झालेली असते. म्हणजे त्यांचं तोंड कर्करोगाच्या आधीच कमी उघडत होतं, वर टाके आणि शेक आले. अशांनी हा भाग दोनदा वाचावा.

रुग्णालयात जबडा उघडायचं स्क्रूचं लोखंडी साधन दिलं जातं, पण सगळ्यांत स्वस्त आणि चांगलं साधन म्हणजे आईस्क्रीमच्या लाकडी काड्या. सीताबर्डीतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात पाकीट मिळतं. एक काडी साधारण २ मिलिमीटर जाड असते, पण गृहीत धरू नका. दहा काड्या एकावर एक ठेवून पट्टीने मोजा आणि दहाने भागा.

१. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन्ही गालांवर पाच मिनिटं धरा. शेक लागलेल्या त्वचेला गरमपणा नीट कळत नाही, म्हणून टॉवेल आधी मनगटावर लावून बघा. गरम पाण्याची पिशवी थेट गालावर नको.

२. खुर्चीवर ताठ बसा, डोकं मागे टेकवा. काड्यांची गड्डी ओली करून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घट्ट बसेल इतकी घाला.

३. आता गड्डीच्या मधोमध आणखी एक काडी हलकेच सरकवा. ताण जाणवला पाहिजे, कळ नाही.

४. ३० सेकंद धरा, श्वास नाकाने. काड्या काढून १० सेकंद विश्रांती. असं पाच वेळा.

५. हे दिवसातून पाच वेळा करायचं: उठल्यावर, दोन्ही जेवणांच्या आधी, संध्याकाळी आणि झोपताना.

दर रविवारी सकाळी, व्यायामाच्या आधी, समोरच्या दातांमध्ये किती काड्या जातात ते मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहा. दरवेळी तेच दोन दात धरा. दाढांमध्ये मोजलं की आकडा आपोआप कमी येतो आणि उगाच धास्ती बसते. आठवड्याला एक काडी वाढली तरी उत्तम. महिनाभर आकडा होता तिथेच राहिला तरी तो तोटा नाही, कारण व्यायाम सोडला असता तर खाली गेला असता.

चुका कुठे होतात? पहिली चूक, समोरचे दात हलत असताना सगळा जोर त्यांच्यावर देणं. अशा वेळी गड्डी दाढांमध्ये, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ठेवा. दातच नसतील तर काड्यांना गॉज गुंडाळून, हिरडी न दुखावता करा, आणि तेही फिजिओथेरपिस्टने एकदा दाखवल्यावर. दुसरी चूक म्हणजे घरच्या कुणी उत्साहाने ते स्क्रूचं साधन फिरवत राहणं. स्क्रू नेहमी रुग्णाने स्वतःच्या हाताने फिरवायचा, कारण ताण कुठे थांबवायचा हे त्यालाच कळतं. तिसरी, दुखतं म्हणून चार दिवस बंद ठेवणं. व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात थांबलं तर ते चालण्यासारखं. दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलं तर दोन काड्या कमी करा, पण वेळा कमी करू नका. जबड्याचं हाड कापून प्लेट किंवा पायाचं हाड बसवलं असेल तर कधी सुरू करायचं ते शल्यचिकित्सकालाच विचारा.

तोंड महिनोन्महिने सारखंच उघडत होतं आणि आठ-पंधरा दिवसांत अचानक तीन-चार काड्या कमी झाल्या, तर व्यायाम वाढवत बसू नका. संसर्ग, हाड खराब होणं किंवा आजार परत येणं, यांपैकी काहीही असू शकतं. पुढच्या तपासणीची तारीख दूर असली तरी लगेच दाखवा.

कोरडं तोंड आणि नागपूरचा उन्हाळा

माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. लाळेच्या मोठ्या ग्रंथी शेकाच्या वाटेत आल्या तर ती घटते. नव्या पद्धतीच्या शेकात ग्रंथी वाचवायचा प्रयत्न असतो आणि पहिल्या एक-दोन वर्षांत थोडी लाळ परत येते. नंतर मात्र जेवढी आहे तेवढ्यावर भागवायचं.

रोजचं गुळण्यांचं पाणी घरी करा: १ लिटर उकळून थंड केलेलं पाणी, १ सपाट चहाचा चमचा मीठ, १ सपाट चहाचा चमचा खायचा सोडा. खायचा सोडाच घ्या, बेकिंग पावडर नाही. तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं. रोज ताजं पाणी करायचं आणि दिवसातून सहा-आठ वेळा, विशेषतः काही खाल्ल्यावर, नुसतं तोंडात खळखळवून थुंकायचं. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको, त्यातल्या अल्कोहोलने तोंड आणखी सुकतं.

पाण्याची बाटली सतत जवळ आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक घोट. एकदम ग्लासभर पाणी पिऊन पोट भरतं, तोंड ओलं राहत नाही. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४५ च्या आसपास जातो आणि हवा इतकी सुकी असते की निरोगी माणसाचेही ओठ फुटतात. या दिवसांत एसीपेक्षा आपला पाण्याचा कूलर बरा, कारण एसी हवेतली ओल काढतो आणि कूलर ओल देतो. वारा थेट तोंडावर येऊ देऊ नका. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी पुसून कोरडी करा, नाहीतर तिथेच डेंग्यूचे डास होतात. पाऊस लागला की कूलरचा या कामी उपयोग संपला. रात्री तोंड सुकून जाग येत असेल तर झोपताना जिभेवर आणि गालाच्या आत कृत्रिम लाळेचं जेल लावा. लाळ वाढवणाऱ्या गोळ्याही असतात, पण दमा किंवा काचबिंदू असलेल्यांना त्या चालत नाहीत, तेव्हा त्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

जिभेवर किंवा गालात दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके दिसले, आग व्हायला लागली, चव अचानक गेली, तर ती बुरशी असू शकते. कोरड्या तोंडात ती वारंवार येते आणि औषधाने आठ-पंधरा दिवसांत जाते. ‘शेकाचाच त्रास आहे’ म्हणून महिनाभर सोसू नका.

आता थोडं कडू बोलावं लागेल, तेही संत्र्याच्या गावात. लाळ कमी असलेल्या तोंडात संत्र, लिंबू, आमचूर, चिंच, कैरीचं पन्हं हे सगळं थेट दाताच्या कवचावर बसतं आणि ते विरघळवतं. तोंडाला पाणी सुटावं म्हणून लिंबाची फोड चोखत बसायचा सल्ला कुणी देत असेल तर तो मानू नका. संत्र खायचंच असेल तर जेवणासोबत चार फोडी, मग लगेच सोड्याच्या पाण्याने चूळ, आणि ब्रश अर्ध्या तासाने. दिवसभर चघळायला साखर नसलेलं च्युइंगगम किंवा गोळी चालेल. खडीसाखर आणि पेपरमिंट दातांना घातक.

दात: उपटण्याआधी थांबा

जबड्याला शेक मिळाले असतील तर खालच्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी झालेला असतो. अशा हाडातून दात काढला की जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि कुजायला लागतं. शेकाची मात्रा ६० ग्रेच्या वर असेल तर धोका जास्त, आणि तो दहा वर्षांनीही संपत नाही. म्हणून नियम एकच: शेकाचा कागद दाखवल्याशिवाय कुणालाही दात काढू द्यायचा नाही. दुखणारा दात शक्य तोवर रूट कॅनॉल करून, वरचा भाग कापून, मूळ जागेवर ठेवून वाचवतात. काढावाच लागला तर तोंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडूनच, शेक दिलेल्या डॉक्टरांशी बोलून. मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात असे तज्ज्ञ आहेत आणि खर्च परवडणारा आहे.

तिथवर वेळ येऊ नये म्हणून फ्लोराइड. साध्या टूथपेस्टमध्ये ते साधारण १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) असतं, तुम्हाला ५००० पीपीएमचं जेल लागतं. दंतवैद्य दातांचं माप घेऊन मऊ ट्रे करून देतात. रात्री ब्रश झाल्यावर ट्रेमध्ये जेलची पातळ रेघ घालून पाच ते दहा मिनिटं दातांवर ठेवायची, मग थुंकायचं. नंतर अर्धा तास चूळ नाही, पाणी नाही, खाणं नाही. हे रोज आणि आयुष्यभर. तोंड कमी उघडत असल्याने माप घेता येत नसेल तर तेच जेल मऊ ब्रशने लावायचं. व्यायाम आणि दात एकमेकांत कसे अडकले आहेत ते इथे दिसतं: तोंड उघडत नाही म्हणून ब्रश मागे जात नाही, ब्रश जात नाही म्हणून दाढ किडते, आणि दाढ किडली तरी दंतवैद्याचं साधन आत जात नाही. लहान मुलांचा ब्रश वापरा, त्याचं डोकं लहान असतं.

कवळीची घाई नको. दंतवैद्याने हिरडी बघून हो म्हटल्यावरच बसवायची आणि रात्री काढून ठेवायची. कवळी घासून झालेला छोटा व्रणही पुढे हाडापर्यंत जाऊ शकतो. जिभेला कुठे खरखरीत, माशाच्या काट्यासारखं लागलं तर ते दुखत नसलं तरी दाखवा. उघडं पडलेलं हाड सुरुवातीला असंच लागतं.

पुरुषांना विचारायला संकोच वाटतो अशी एक गोष्ट. छातीची त्वचा आणि स्नायू वळवून गालात बसवले असतील तर तोंडात केस उगवू शकतात. छातीच्या त्वचेला आपण कुठे आहोत हे कळत नाही, ती आपलं काम करत राहते. शेक मिळाले की बरेचदा ते गळतात. नाही गळले तर अन्न अडकतं, वास येतो. चिमट्याने उपटू नका, तपासणीच्या वेळी कापून घ्या.

गिळणं आणि ताट

गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर आखडतात, नाकात नळी असतानाही. डॉक्टरांनी तोंडाने घ्यायला परवानगी दिली असेल तर नळी असतानाच चमचा-चमचा गिळणं चालू ठेवा.

घरी करायची चाचणी अशी: ताठ बसून एक चहाचा चमचा पाणी गिळा आणि लगेच लांब ‘आऽऽ’ म्हणा. आवाज ओला, घरघरता आला किंवा ठसका लागला तर पाणी श्वासनलिकेकडे जातंय. काहींना ठसकाही लागत नाही, नुसता वारंवार ताप आणि कफ होतो. अशा वेळी गिळण्याची थेरपी देणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. ते नाकातून बारीक दुर्बीण घालून घास कुठे जातो ते बघतात.

व्यायाम तीन, प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिला, मोठा घास गिळतोय असं समजून घशाचे सगळे स्नायू आवळून थुंकी गिळायची. दुसरा, जिभेचं टोक दातांत हलकं धरून गिळायचं. हा नेहमी कोरडाच करायचा, घासासोबत कधीच नाही. तिसरा, गिळताना गळ्यावरची घाटी वर जाते ती बोटाने चाचपा आणि दोन सेकंद तिथेच वर धरून ठेवा. तोंड फार कोरडं असेल तर आधी ओठ आणि जीभ ओली करून घ्या, नाहीतर तिसऱ्याच वेळी गिळायला काही उरत नाही.

जेवताना ९० अंशांत बसायचं, घास लहान, गिळताना हनुवटी किंचित छातीकडे, आणि प्रत्येक घास दोनदा गिळायचा. हनुवटीची युक्ती बहुतेकांना जमते, सगळ्यांना नाही, म्हणून एकदा तपासून घ्या. जेवताना टीव्ही बंद आणि गप्पाही बंद. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

काय खायचं? सावजी आणि तर्री यांना सध्या रामराम. तर्रीपोह्यांत दुहेरी अडचण आहे: तर्रीने आग होते आणि सुटे पोहे तोंडभर पसरून गालाच्या खाचेत बसतात. तेच पोहे दुधात भिजवून मऊ केले की उतरतात. वडाभातातला वडा बाजूला ठेवा आणि भात घोटलेल्या तुरीच्या वरणासोबत, वर साजूक तूप घालून घ्या. पातळ चून (पिठलं), मुगाची खिचडी, ज्वारीची आंबील, कढी फार आंबट नसेल तर कढी, शेवयांची खीर. पोळी वरणात कुस्करून दहा मिनिटं मुरू द्या. फल्लीदाणे (शेंगदाणे) चावता येत नाहीत, पण भाजून बारीक कूट करून आंबिलीत किंवा दुधात घालता येतात. अख्खी मोहरी, जिरं, सांबाराची (कोथिंबिरीची) देठं घशात अडकतात, म्हणून फोडणी गाळून घाला. गरम जेवण कोमट होऊ द्या, कारण नव्या गालाला चटका कळत नाही.

वजन टिकवायचं तर प्रथिनांचा हिशोब ठेवा. ५५ किलोच्या माणसाला दिवसाला ५५ ते ८० ग्रॅम लागतात. अर्धा लिटर दुधातून साधारण १६, दोन अंड्यांतून १२, मूठभर म्हणजे ६० ग्रॅम कच्च्या डाळीतून १४, आणि ५० ग्रॅम पनीर कुस्करून घातलं तर ९ ग्रॅम मिळतात. बेरीज ५१ होते. म्हणजे पोळीभात धरूनही जेमतेम काठावर, आणि नुसत्या वरणाच्या पाण्यावर तर काहीच नाही. वरणाचं पाणी म्हणजे अन्न, हा घरोघरचा समज आहे आणि वजन घटण्याचं ते एक मोठं कारण आहे. एका मोठ्या चमच्याभर तुपात सुमारे १२० कॅलरी असतात, ते प्रत्येक वाटीत घाला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांना विचारून ठरवा. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. महिन्यात दोन-तीन किलो कमी झालं तर वाट बघू नका.

मान आणि खांदा

मानेच्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस दुखावते, कधी कापावीही लागते. मग खांदा खाली झुकतो, हात बाजूने वर जात नाही, केस विंचरताना कळ येते. नुसती दुखावलेली नस सावरायला वर्षभर लागू शकतं. तोवर सांधा जाम होऊ द्यायचा नाही. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढा, जिथवर पोचलात तिथे पेन्सिलीची खूण करा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाठीवर झोपून लाटणं दोन्ही हातांत धरा आणि चांगल्या हाताने दुखरा हात डोक्याच्या वर न्या. बसून पाठीमागचे दोन्ही फरे (खांद्याची चपटी हाडं) एकमेकांजवळ आणा, पाच सेकंद धरा, दहा वेळा. बसताना कोपराखाली उशी घ्या. त्या बाजूने पाण्याची बादली, सिलिंडर किंवा खांद्यावरची पिशवी उचलायची नाही.

गाडी चालवणाऱ्यांसाठी: मान वळत नसताना वर्धा रोडवर लेन बदलणं म्हणजे आंधळेपणा. दुचाकीला दोन्ही आरसे लावा आणि ते बाहेरच्या बाजूला वळवून घ्या. तेवढी मान वळेपर्यंत मागे बसा.

हनुवटीखाली सकाळी सूज असते आणि दुपारपर्यंत उतरते, ही लसीकेची, म्हणजे शरीरातला पाण्यासारखा द्रव साचून आलेली, सूज. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली एकेक वीट ठेवा. फिजिओथेरपिस्टकडून हलकी मालिश शिकून घ्या, ज्यात फक्त त्वचा सरकते आणि हात मानेवरून खाली हसळीकडे (गळ्याखालच्या हाडाकडे) जातो. जोराने चोळल्याने सूज वाढते. जागा लाल, गरम झाली, ताप आला तर मालिश बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

शेक लागलेली मान उन्हात पटकन काळवंडते. सुती दुपट्टा नागपूरकरांना शिकवायला नको, फक्त तो सैल बांधा. दाढीला पात्याऐवजी इलेक्ट्रिक शेव्हर वापरा, कापलेलं लवकर कळत नाही.

थकवा म्हणून सोडून दिलेलं थायरॉइड

मानेला शेक मिळालेल्यांत थायरॉइड मंदावणं फार सामान्य आहे आणि ते काही वर्षांनीही होतं. झोप येते, थंडी वाजते, पोट साफ होत नाही, मन लागत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘एवढं मोठं दुखणं झालं, अशक्तपणा राहणारच.’ दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करा. गोळी लागली तर सकाळी रिकाम्या पोटी पाण्यासोबत, चहा किमान अर्धा-पाऊण तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. गोळी चालू असताना ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडू नका.

टीएसएच ठीक असूनही थकवा असेल तर पडून राहिल्याने तो वाढतो. दिवसातून दोनदा दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा. उन्हाळ्यात फुटाळा किंवा अंबाझरीला जायचं तर सकाळी सातच्या आत परत.

सिस्प्लॅटिन मिळालेल्यांना कानात शिट्टी वाजणं, बारीक आवाज न कळणं, तळपायाला मुंग्या येणं असं होऊ शकतं. कानाची तपासणी एकदा करून घ्या. मूत्रपिंडांवरही ताण आलेला असतो, म्हणून उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका आणि दुकानातून मनाने वेदनाशामक गोळ्या आणू नका. मुंग्या असतील तर घरातही चपला घाला आणि अंघोळीच्या पाण्याचा अंदाज कोपराने घ्या.

खर्रा

‘आता झालंच आहे, मग सोडून काय?’ असं म्हणणारे भेटतात. सोडल्याने बरंच काही: तोंडात दुसरा नवा कर्करोग होण्याचा धोका घटतो, जखमा भरतात, जबडा आणखी आखडत नाही. तंबाखू काढून नुसती सुपारी ठेवली तर जबडा आखडायचं काम चालूच राहतं, ते सुपारीच करते. निकोटिनचं च्युइंगगम कोरड्या तोंडाला आणि आखडलेल्या जबड्याला झेपत नाही. पट्टी चालते, पण डॉक्टरांना विचारून. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर रोज घोटला जातो. त्यामुळे पहिले तीन महिने तरी ठेल्यासमोरचा रस्ता बदला. घरात कुणी खात असेल तर त्याने रुग्णासमोर पुडी सोडायची नाही, एवढं तरी ठरवा.

चेहरा बदलला, बोलणं अस्पष्ट झालं, ओठातून पाणी गळतं म्हणून अनेक जण पंगतीत बसणं सोडतात. घरी आधी जेवून जा आणि लग्नात फक्त खीर घ्या, पण जा. फोनवर बोलताना वाक्य लहान ठेवा, मध्ये थांबा. दोन आठवड्यांहून जास्त मन खचलेलं असेल, झोप उडाली असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

तपासणीच्या तारखा

पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, तिसऱ्या ते पाचव्या वर्षी चार ते आठ महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. आजार परत आलाच तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत, म्हणून सुरुवातीच्या तारखा जवळजवळ असतात. धान कापणी किंवा कापूस वेचणी आली म्हणून नेमकी तीच तारीख चुकते. ती आधीच सांगून पुढे-मागे करून घ्या, सोडू नका. तपासणीला जाताना काड्यांचे आकडे आणि वजन लिहिलेलं कॅलेंडर घेऊन जा, डॉक्टरांना ते शंभर प्रश्नांपेक्षा जास्त सांगतं. मुंबईला जावं लागलं तर रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातला फॉर्म रुग्णालयाकडून सही-शिक्क्यानिशी घ्यावा लागतो.

तारखेची वाट बघायची नाही अशा गोष्टी: तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, मानेत नवी गाठ, कानात घुसणारी सततची कळ, आवाजात बदल, गिळण्यात अचानक वाढलेली अडचण, गालाला पडलेलं छिद्र, उघडं हाड. मानेतून किंवा तोंडातून ताजं लाल रक्त आलं, ते थोडं येऊन थांबलं तरीही, त्याच दिवशी आपत्कालीन विभाग गाठायचा. वाहत असेल तर स्वच्छ कापड जागेवर घट्ट दाबा, रुग्णाला बसतं ठेवा, १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मानेला शेक झालेले आहेत.